पहिल्या पंधरवड्याचा निवाडा

अध्यापनाच्या व्यवसायात नवा वर्ग ही अत्यंत नित्याची, आणि तरीही दर वेळी नवी वाटणारी गोष्ट आहे. पावसाळ्यात एकदा आणि जानेवारीत पुन्हा एकदा, अशी वर्षातून दोनदा अनोळखी चेहऱ्यांची एक मांडणी अध्यापकासमोर येऊन बसते. अभ्यागत प्राध्यापकाच्या वाट्याला ही अनोळख अधिकच येते. कारण त्याला वर्ग नवा असतो, तसे बहुधा विद्यापीठही नवे असते. परंतु अनोळख फार दिवस टिकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच अध्यापकांच्या खोलीत ‘यंदाचा वर्ग बरा आहे’, ‘यंदाचा वर्ग थंड आहे’ अशी वाक्ये ऐकू येऊ लागतात. वर्गाचा निवाडा झाला की व्यक्तींचा होण्यास वेळ लागत नाही. कोण तल्लख, कोण बेताचा, कोण नुसताच हजेरीसाठी आलेला, हे पंधरवड्याच्या आत मनाशी ठरून जाते.

या लवकर ठरणाऱ्या मतांविषयी येथे काही विचार मांडावयाचे आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे की, केंद्रीय विद्यापीठातील बहुभाषक वर्गाविषयी प्रारंभी जे मत बनते ते विद्यार्थ्यांच्या बुद्धीविषयीचे नसून बहुतांशी त्यांच्या भाषिक सवयींविषयीचे असते. आणि ते मत दुरुस्त होण्यास जो अवधी लागतो तो सत्रपद्धतीत उरत नसल्यामुळे, कच्चे मतच गुणपत्रिकेवर उतरते.

पूर्वीच्या वार्षिक पद्धतीचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. वर्षाच्या अखेरीस होणाऱ्या एकाच परीक्षेवर विद्यार्थ्याचे भवितव्य टांगून ठेवणारी ती पद्धती पाठांतराला पोसत होती, हे कोणीही मान्य करील. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ पासून सत्रपद्धतीचा आग्रह धरला. दिल्ली विद्यापीठात पदवीच्या विज्ञान अभ्यासक्रमांना ती २०१० मध्ये आणि इतरांना २०११ मध्ये लागू झाली. तिच्यामुळे अभ्यासाला नियमितपणा आला, हेही खरे. परंतु जुन्या पद्धतीत एक अनवधानाने लाभलेला गुण होता. जूनमध्ये मुका वाटलेला विद्यार्थी दिवाळीनंतर बोलू लागे, आणि परीक्षेला अजून चार महिने बाकी असत. अध्यापकाचे मत बदलण्यास वाव होता. कारण ते कोठेही नोंदलेले नसे.

आता थोडा हिशेब मांडून पाहू. चार श्रेयांकांचा अभ्यासक्रम म्हणजे साठ तासांचे अध्यापन; आठवड्याला चार तास धरल्यास पंधरा आठवडे. पहिली अंतर्गत चाचणी सामान्यतः पाचव्या-सहाव्या आठवड्यात येते. म्हणजे तोवर वर्ग फार तर वीस तास भरलेला असतो. वीस तासांची बाराशे मिनिटे झाली. एखाद्या उदार अध्यापकाने त्यांतील चौथा हिस्सा विद्यार्थ्यांच्या बोलण्यासाठी मोकळा ठेवला, तर तीनशे मिनिटे होतात. वर्गात चाळीस विद्यार्थी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटे. तीही समान वाटली गेली तर! प्रत्यक्षात पाचसहा जणच त्यांतली बहुतेक मिनिटे घेतात. प्रथम वर्षाच्या प्रवेशफेऱ्या लांबल्या आणि काही विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यात येऊन दाखल झाले, तर हे गणित आणखीच बिघडते. उरलेल्या तीस-पस्तीस जणांविषयीचे आपले मत मग कशावर उभे असते? त्यांच्या गप्प बसण्यावर, बसण्याच्या जागेवर, आणि पहिल्या दिवशी त्यांनी करून दिलेल्या अर्ध्या मिनिटाच्या परिचयावर.

हा परिचयाचा विधी आपल्याकडे फार जुना आहे. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा वाचकांना ठाऊक असेलच. हारिद्रुमत गौतमाकडे तो शिकण्यास जातो, तेव्हा आचार्यांचा पहिला प्रश्न असतो, तुझे गोत्र कोणते? सत्यकाम सांगतो की आपल्याला ते ठाऊक नाही, आईलाही ठाऊक नाही. त्याच्या या सत्यकथनावरून आचार्य त्याचा स्वीकार करतात. या कथेची थोरवी गाताना एक गोष्ट सहसा सुटते. असे सत्य ब्राह्मणावाचून कोणी बोलणार नाही, असे म्हणून गौतम त्याला आपल्या परिचित चौकटीतच बसवून घेतात. पूर्वग्रह नाहीसा होत नाही, तो उदारपणे वापरला जातो एवढेच. मात्र त्यानंतर ते जे करतात ते आजच्या अध्यापकाला हेवा वाटावा असे आहे. चारशे कृश गाई देऊन ते शिष्याला रानात पाठवतात. त्या हजार होईपर्यंत तो परतत नाही. पहिल्या भेटीचे मत आणि पुढची परीक्षा यांच्यात कित्येक वर्षांचे अंतर पडते. आपल्याकडे ते अंतर पाच आठवड्यांचे आहे.

आज आपण गोत्र विचारीत नाही. नाव, गाव, आधीचे महाविद्यालय आणि विषय विचारतो. परंतु भारतात आडनाव हे पुष्कळदा गोत्राचेच काम करते, आणि महाविद्यालयाचे नाव कुटुंबाच्या ऐपतीचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेसंबंधी २०१२ साली जे विनियम काढले, त्यांत वर्गामध्ये विद्यार्थ्याची जात उघड करणे हा भेदभावाचा प्रकार म्हणून गणला होता. अशी गोष्ट नियमात लिहावी लागली, यातच पुष्कळ काही आले. कित्येक विद्यार्थी परिचयाच्या वेळी केवळ पहिले नाव सांगून खाली बसतात. अध्यापक ‘पूर्ण नाव?’ असे सहज विचारतो. विचारणाऱ्याला तो सहजपणा वाटतो, उत्तर देणाऱ्याला वाटत नाही.

याहून सूक्ष्म अडसर भाषेचा आहे, आणि तौलनिक साहित्याच्या अध्यापकाने त्याकडे अधिक लक्ष पुरवावयास हवे. दिल्लीत शिकण्यास आलेला मराठवाड्यातील अथवा विदर्भातील विद्यार्थी हिंदी भाषक अध्यापकाशी आदराने बोलू लागतो तेव्हा त्याच्या तोंडून पुष्कळदा ‘तुम’ बाहेर पडते. त्याच्या मनात ‘तुम्ही’ असते, आणि मराठीत ‘तुम्ही’ म्हणजे पुरेसा मान. हिंदीच्या कानाला मात्र ते उद्धट लागते. कारण वडीलधाऱ्यांसाठी तेथे ‘आप’ ठरलेले आहे. विद्यार्थी नम्र, अध्यापक सज्जन, आणि तरीही पहिल्याच दिवशी एक ओरखडा उमटतो. बंगाली विद्यार्थ्याचे हिंदी क्रियापदांचे लिंग चुकते. कारण त्याच्या भाषेत क्रियापदाला लिंगाचा विकार होतच नाही. मल्याळम भाषकाचेही तसेच होते. वर्गात खसखस पिकते. हसणाऱ्यांच्या मनात वैर नसते, पण ज्याला हसले जाते तो पुढचा महिनाभर वाक्य मनात तीनदा तपासल्याशिवाय तोंड उघडीत नाही. आणि वाक्य तपासून होते तोवर चर्चा पुढे निघून गेलेली असते. त्याच्या नावासमोर ‘मंद’ अशी नोंद होते. वस्तुतः तो त्या क्षणी वर्गातील इतरांपेक्षा दुप्पट काम करीत असतो: ऐकतो एका भाषेत, विचार करतो दुसऱ्या, आणि उत्तर जुळवतो तिसऱ्या भाषेत.

हा दोष केवळ हिंदीचा अथवा इंग्रजीचा आहे असे मानून मराठीच्या अध्यापकांनी हात झटकण्याचे कारण नाही. मराठी विभागात तोच प्रकार बोली आणि प्रमाणभाषा यांच्या बाबतीत घडतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वर्गात दोन तऱ्हांचे विद्यार्थी एकत्र येतात. काही जण पिढ्यान्‌पिढ्या इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे अथवा हैदराबाद येथे राहिलेल्या घरांतले. यांची मराठी घरगुती, तिच्यात शेजारच्या भाषेचा रंग मिसळलेला. दुसरे थेट खानदेशातून वा वऱ्हाडातून आलेले. यांची मराठी त्यांच्या बोलीची. पुण्याच्या वळणाची मराठी कानात मुरलेल्या अध्यापकाला दोन्ही ‘अशुद्ध’ वाटण्याचा संभव असतो. बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीची खानदेशी भाषा आज पदवीच्या अभ्यासक्रमात आदराने शिकविली जाते. परंतु त्याच वर्गातील एखादी खानदेशी मुलगी त्याच वळणाने बोलली तर तिचे उच्चार सुधारले जातात. पुस्तकातील बोली हे वैभव आणि बाकावरील बोली हा दोष, असा हा न्याय आहे!

अध्यापकाचे मत विद्यार्थ्यावर खरोखर परिणाम करते काय, हा प्रश्न येथे विचारला जाईल. १९६८ साली रॉबर्ट रोझेन्थल आणि लेनोर जेकबसन यांनी अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेत केलेला प्रयोग ग्रंथरूपाने मांडला. तेथील शिक्षकांना सांगण्यात आले की वर्गातील अमुक मुले यंदा विशेष प्रगती करतील; प्रत्यक्षात ती नावे कोणत्याही निकषाशिवाय निवडलेली होती. वर्षअखेरीस त्या मुलांची, विशेषतः लहान इयत्तांतील मुलांची, बुद्धिमापन चाचणीतील प्रगती अधिक दिसली. या प्रयोगावर पुढे कडक टीका झाली, आणि ती बव्हंशी योग्य होती. ली जसिम आणि केंट हार्बर यांनी २००५ साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांचा निष्कर्ष असा होता की शिक्षकाच्या अपेक्षांचा परिणाम सामान्यतः लहान असतो. शिक्षकांचे अंदाज बऱ्याच वेळा बरोबरच असतात. परंतु ज्या विद्यार्थ्यांवर समाजाने आधीच शिक्का मारलेला आहे, त्यांच्यावर हा परिणाम अधिक होण्याची शक्यता त्यांनीही नोंदवली. माझ्या म्हणण्याला एवढे पुरेसे आहे. सर्वांचे नुकसान होते असे मी म्हणत नाही. ज्यांचे होते ते कोण, हे पाहावे, एवढेच म्हणतो.

हा निवाडा एकतर्फी नसतो, हेही सांगितले पाहिजे. भारतीय वंशाच्या मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी यांनी रोझेन्थल यांच्यासह १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अध्यापकांच्या शिकविण्याच्या, आवाज बंद केलेल्या, अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती अनोळखी माणसांना दाखवून त्यांचे मत घेतले, तेव्हा ते मत सत्राच्या शेवटी प्रत्यक्ष विद्यार्थ्यांनी दिलेल्या अभिप्रायाशी बरेच जुळणारे निघाले. याचा अर्थ पहिले मत अचूक असते असा काहीजण लावतात. मला त्याचा आणखी एक अर्थ संभवनीय वाटतो: पहिल्या अर्ध्या मिनिटात जे मत बनते ते साठ तासांच्या सहवासानेही फारसे हलत नसावे. तसे असेल तर ती पारखीची अचूकता नव्हे, मनाचा चिवटपणा होय.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. मत न बनविता शिकविणे शक्य आहे काय? हान्स-गेओर्ग गादामर या जर्मन तत्त्वज्ञाने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात असे प्रतिपादिले की पूर्वग्रहाशिवाय आकलनच संभवत नाही. वाचक कोरे मन घेऊन संहितेकडे जात नाही. हे मला मान्य आहे. परंतु त्याचबरोबर गादामरची अट अशी की संहितेला आपल्या पूर्वग्रहांना विरोध करण्याची संधी मिळाली पाहिजे. आपण ग्रंथाला ही संधी देतो. अवघड कविता पहिल्या वाचनात कळली नाही, तर दोष कवितेचा न मानता आपण ती पुन्हा वाचतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र आपण पहिल्याच वाचनावर थांबतो. साहित्याच्या अध्यापकाला तरी हे शोभत नाही.

शिवाय वर्गाविषयीचे मत आणि व्यक्तीविषयीचे मत यांत फरक केला पाहिजे. ‘या वर्गाने कादंबऱ्या वाचलेल्या दिसत नाहीत’, ‘या वर्गाला छंदाची ओळख करून द्यावी लागेल’, ही मते उपयुक्त आहेत. त्यांवरून शिकविण्याची गती ठरते, आणि चुकली तर ती पुढच्या आठवड्यात बदलता येते. ‘हा विद्यार्थी बेताचा’ हे मत मात्र शिकविण्याच्या काहीच कामी येत नाही. ते केवळ प्रश्न कोणाला विचारावयाचा आणि कोणाला वगळावयाचे एवढेच ठरविते. आणि वगळला गेलेला विद्यार्थी हळूहळू त्या मतासारखाच होत जातो.

तेव्हा करावयाचे काय? तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, सत्राचा प्रारंभ तोंडी परिचयाने न करता लेखनाने करावा. एखादी छोटी कथा वा कविता वर्गात वाचावी, आणि प्रत्येकाने ज्या भाषेत तो विचार करतो त्या भाषेत तिच्याविषयी एक पान लिहावे. ती भाषा अध्यापकाला येत नसेल तर शेजारच्या विभागातील सहकारी वाचून सांगेल. केंद्रीय विद्यापीठात अनेक भारतीय भाषांचे जाणकार एका छपराखाली असतात, त्यांचा याहून चांगला उपयोग कोणता? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षांनी एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना पत्र लिहून, अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषांत उत्तरे लिहू द्यावीत, असे सुचविले होते. परीक्षेत जी मुभा असावी असे म्हटले गेले, ती वर्गातील पहिल्या पानाला असावयास अडचण नाही.

दुसरी गोष्ट अशी की, विद्यार्थ्याची भाषा ही त्याची अडचण न राहता वर्गाची सामग्री व्हावी. ‘शिक्षा’ हा शब्द फळ्यावर लिहावा. हिंदी भाषकाला ते शिक्षण, मराठी भाषकाला तो दंड. दोघेही परस्परांकडे आश्चर्याने पाहतात. ‘उपन्यास’ लिहावा: बंगाली आणि हिंदी भाषकांना ती कादंबरी, तेलुगू भाषकाला ते व्याख्यान. ‘अभिमान’ लिहावा: मराठीत तो ताठ मानेचा, बंगालीत तो जिवलगावर रुसलेल्या मनाचा. एका तासिकेत हे तीन शब्द पुरतात. आपापल्या शब्दाविषयी बोलताना कोणाचेही व्याकरण कोणी तपासीत नाही. त्या शब्दापुरता तोच वर्गातला अधिकारी पुरुष असतो. महिनाभर मुकी राहिलेली मुलगी आपल्या भाषेतील एका शब्दासाठी हात वर करते, आणि मग तिचा आवाज वर्गाला परिचित होतो. तौलनिक साहित्याची सुरुवात याहून वेगळ्या रीतीने करावी असे मला वाटत नाही.

तिसरी गोष्ट नियमाची आहे. अंतर्गत मूल्यमापनाला कोठे पंचवीस तर कोठे चाळीस टक्के गुण असतात. त्यांतील पहिली चाचणी निम्मे सत्र उलटल्याशिवाय घेऊ नये; घ्यावयाचीच असेल तर तिचे गुण धरू नयेत. यासाठी पैसा लागत नाही, नवी इमारत लागत नाही, नवे पद मंजूर करून घ्यावे लागत नाही. वेळापत्रकातील एक तारीख तेवढी पुढे सरकवावी लागते. पहिल्या चाचणीत चाळीसपैकी नऊ गुण मिळालेला विद्यार्थी आपले मूल्य नऊ आहे असे समजून गावी परत जाण्याचा विचार करू लागतो. घरापासून दोन हजार किलोमीटर दूर, वसतिगृहाच्या खोलीत, तो विचार एकट्याने करावयाचा असतो. ते नऊ गुण कशाचे होते, विषयाच्या आकलनाचे की भाषेच्या सरावाचे, हे त्याला कोणी सांगत नाही.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त नृत्याचार्य गणदास मालविकेला शिकवितो. ती विदर्भाची राजकन्या आहे हे त्याला ठाऊक नाही. राणी धारिणीच्या परिवारातील एक मुलगी एवढीच तिची ओळख आहे. तिच्या कुळावर तो अडून बसत नाही. तिचे काम पाहतो, आणि तीच आपल्याला उलट शिकवीत आहे असे वाटण्याइतकी ती निपुण असल्याचे मोकळेपणी सांगतो. तिची खरी ओळख नाटकाच्या अखेरीस उघड होते. गणदासाला तिची थोरवी तिच्या कामातून आधीच दिसलेली असते. आमच्या वर्गांत ओळख पहिल्या दिवशी विचारली जाते आणि काम पाहण्यास सवड मिळत नाही. हा क्रम उलटविणे सर्वस्वी अध्यापकाच्या हाती नसेल. पहिल्या चाचणीची तारीख मात्र विद्यापीठांच्या हाती निश्चितच आहे, आणि येत्या सत्राच्या वेळापत्रकात तेवढा बदल व्हावा अशी मागणी अध्यापकांनी आपापल्या विभागांत करावयास हवी.